वरच्या गल्लीचा कठडा

सगळी वस्ती तिला वहिनी म्हणायची. म्हातारी माणसं म्हणायची, शाळेतली पोरंही म्हणायची. खरं पाहिलं तर ती कुणाचीच वहिनी नव्हती, कारण नवऱ्याला ना भाऊ ना बहीण. पण इस्त्रीचे कपडे न्यायला ती दारात उभी राहिली की आतून कुणीतरी ओरडायचं, 'वहिनी आली गं, कपडे काढ,' आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

वस्ती टेकडीच्या उतारावर. वर एक गल्ली, खाली चौक, दुकानं, दवाखाना, बसचा थांबा, आणि मधे दगडी पायऱ्या. मधोमध झिजून खोलगट झालेल्या. एका अंगाला घरांच्या मागच्या भिंती आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही. काहीच नाही म्हणजे खरोखर काहीच नाही. पाय घसरला तर माणूस थेट खालच्या नाल्यात. वहिनी कपड्यांचं गाठोडं दोन्ही हातांनी छातीशी धरून दिवसभर ह्या पायऱ्यांवरून ये-जा करायची. उतरताना उजवा खांदा भिंतीला घासत जायची, त्यामुळे तिच्या प्रत्येक कपड्याचा उजवा खांदा आधी विरायचा. असं का, हे कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

घर वरच्या गल्लीत. दारापाशी इस्त्रीची फळी, तिच्यावर जुनं घोंगडं आणि वर पांढरी चादर. विजेची इस्त्री आली होती, पण कोळशाची जड इस्त्री तिने फळीखाली जपून ठेवलेली, वीज गेली की तीच कामाला यायची. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ, शेवटी पुढचा भाग. हाताने पाणी शिंपडायची ते असं बेताचं की कापड नुसतं दमट व्हावं. दवाखान्यातल्या नर्सचे, बसच्या कंडक्टरचे, मास्तरांचे कपडे कडक. तिच्या अंगावरचे मात्र कायम चुरगळलेले. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! स्वतःचं सगळं शेवटी करायचं ही तिची रीत. जेवायला शेवटी, आंघोळीला शेवटी, आजारी पडायचं तेही घरातलं दुसरं माणूस बरं झाल्यावर. ह्यात आपण काही वेगळं करतो असं तिला वाटायचं नाही, कारण वरच्या गल्लीतल्या सगळ्याच बायका तशाच. एखादीने स्वतःसाठी काही मागितलं तर बाकीच्या तिच्याकडे अशा बघायच्या की बिचारीला परत मागायची इच्छा होऊ नये.

नवरा लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर, घरी पाहुण्यासारखा यायचा. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. घरात राहिल्या दोघीच, वहिनी आणि तिची सासू. सासूचे गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत. खिडकीपाशी बसून ती गल्लीतल्या प्रत्येकाचा समाचार घ्यायची. कोण कुठल्या चालीने आलं हे तिला नुसत्या पावलांवरून कळायचं.

ह्या सासूची धाकटी बहीण खाली राहायची, चौकाला लागून. थोरली वर, धाकटी खाली, मधे पायऱ्या. आणि धाकटी आता अंथरुणाला खिळलेली. दोघींची भेट होऊन किती काळ लोटला ते दोघींनीही मोजायचं सोडून दिलं होतं. निरोप न्यायची वहिनी, आणि निरोपापेक्षाही जास्त काही जायचं ते इस्त्रीच्या गाठोड्यातून. धाकटीचे कपडे इस्त्री झाले की त्यांची घडी सासू स्वतः घालायची. दोन्ही बाह्या आत, मग मधोमध दुमड, मग तळहाताने वरून एकदा दाब. त्यांची आई तशी घालायची म्हणे. धाकटी ते कपडे उशाशी ठेवून घ्यायची आणि घडी दिवसचे दिवस मोडायची नाही. तिच्या सुनेने मोडायला हात लावला तर रागवायची.

सासूला खुर्चीत बसवून खाली न्यायचं एकदा करून झालं होतं. चौघांनी खुर्ची उचलली, वळणावर एकाचा पाय सरकला आणि खुर्ची उघड्या बाजूला कलंडली. सावरली म्हणून बरं. पण त्या दिवसापासून सासूने कानाला खडा लावला. ती म्हणाली, "मला उचलून न्यायचं ते एकदाच, आणि ते मला कळणार नाही तेव्हा." पुढे हा विषय कुणी काढला नाही.

अशात वॉर्ड ऑफिसातल्या एक बाई वस्तीत आल्या. त्यांनी घरोघरी सांगितलं की ह्या वर्षीपासून वॉर्डाच्या पैशांतला एक वाटा कशावर खर्च करायचा हे वस्तीतल्या बायकांनी ठरवायचं आहे. शाळेच्या हॉलमध्ये सभा होईल, ज्यांना जे काम हवं ते त्यांनी सुचवायचं, आणि ज्या कामाला जास्त हात वर होतील ते काम ऑफिसला करावंच लागेल. आधी कुणाचा विश्वासच बसला नाही. आम्ही ठरवणार? आमच्या घरात भाजी कुठली ते आम्ही ठरवत नाही, असं एक जण म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. पण सासू हसली नाही. त्या रात्री जेवताना तिने वहिनीला सरळच विचारलं, पायऱ्यांना धरायला काही मिळेल का गं? कठडा असला तर मी उतरेन. धरून धरून, बसत बसत, पण माझ्या पायांनी उतरेन.

वहिनी चार माणसांत कधी बोललेली नव्हती. सभेच्या दिवशी ती इतकी घाबरली होती की हॉलमध्ये शिरताना चपला बाहेर काढायच्या की नाही ह्यावरच दारात अडून राहिली. पण वेळ आली तेव्हा उठली. म्हणाली, आमच्या आई वरून खाली येऊ शकत नाहीत, त्यांची बहीण खाली आजारी आहे, पायऱ्यांच्या उघड्या बाजूला कठडा पाहिजे. एवढं बोलून मटकन खाली बसली. आणि नवल म्हणजे हॉलमध्ये माना हलल्या. खालच्या बायकांना दोघी बहिणींची गोष्ट ठाऊक होती.

दुसरं काम मांडलं किराणावाल्याच्या बायकोने. चौकात कारंजं. कारंजं कुणाच्या डोक्यातून निघालं हे सांगायला नको. किराणावाल्याचं दुकान चौकातच होतं, आणि वस्तीतल्या बऱ्याच पुरुषांना त्याने ते पटवलं होतं. रंगीत दिवे, उडतं पाणी, बाहेरची माणसं बघायला येतील, वस्तीचं नाव होईल. बाकी दोन-चार कामं निघाली ती आपोआप मागे पडली. शेवटी उरलं कारंजं आणि कठडा.

ऑफिसातल्या बाईंनी कारंज्यासाठी हात वर करायला सांगितले. हात झाले, मोजले. मग म्हणाल्या, आता कठडा.

वहिनीने आपला हात मांडीवर ठेवला होता, तो तिथेच राहिला. तिला वाटलं, काम मी मांडलं, सासू माझी, आणि वर हातही मीच करू? लोक म्हणतील, बघा, किती हावरी. वाढणारीने आपल्या ताटात आधी वाढून घ्यायचं नसतं, हे तिच्या अंगात इतकं भिनलं होतं की विचार करायचीही गरज पडली नाही. इतर करतीलच की, असं तिने मनाशी म्हटलं आणि खाली मान घालून बसली.

बाईंनी दोनदा मोजलं. कठडा एका हाताने पडला. बांधण्याआधीच पडणारा असा कठडा दुसरीकडे कुठे झाला नसेल.

परत जाताना वरच्या गल्लीतल्या बायका पायऱ्या चढत होत्या.  शेजारच्या शिवणवालीने, जिला सातवा महिना होता, धाप लागली म्हणून भिंतीला टेकून विचारलं, "वहिनी, तुम्ही हात वर केलात ना?"

वहिनी म्हणाली, "मी कसा करणार? माझंच काम ते. तू केलास ना?"

शिवणवाली खाली बघायला लागली. तिलाही वाटलं होतं की आपण पोटुशी, कठडा आपल्यालाच आधी लागणार, मग आपण कसा हात करायचा. तिच्या मागची म्हणाली, माझं तर दारच पायऱ्यांवर, मला बरं दिसलं नाही. मग एकेकीकडून निघत गेलं. वरच्या गल्लीतली एकही बाई हात वर करून बसली नव्हती. अळीमिळी गुपचिळी. कठड्याला जे हात मिळाले ते सगळे खालच्या बायकांचे, ज्यांना त्या पायऱ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. कारंज्याला हात करताना कुणाला लाज वाटली नाही, कारण कारंजं कुणालाच स्वतःसाठी लागत नव्हतं. ज्यांना कठडा पाहिजे होता त्यांनीच तो घालवला होता, आणि तोही चांगलं दिसावं म्हणून.  चूक सगळ्याजणींची होती, पण काम वहिनीने मांडलं होतं, आणि एकच हात कमी पडला होता.

घरी सासू खिडकीपाशी वाट बघत होती. वहिनीने सांगितलं की एका हाताने गेलं. सासूने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"तू केला होतास?"

वहिनीला खोटं बोलता आलं असतं. पण सासूपुढे तिची कधी डाळ शिजली नव्हती. तिने मान हलवली, नाही म्हणून. आता आई फाडून खाणार, अशा तयारीने ती उभी राहिली.  पण सासू खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी सगळ्यांना सांगायचे, सून बघा कशी, स्वतःसाठी कधी काही मागत नाही. मीच शिकवलंय तुला." आणि फळीवरचे धाकटीचे कपडे ओढून घेऊन घड्या घालायला लागली.

थंडीत कारंज्याचं काम सुरू झालं. चौक खणून ठेवला, पाइप आले, वाळूचे ढीग पडले. त्याच दिवसांत धाकटीने अन्न सोडलं. एका दुपारी तिची सून धावत वर आली आणि दारातूनच म्हणाली, मावशींना घेऊन चला, आई नुसतं थोरली थोरली करतायत.

चौकातले मजूर खुर्ची घेऊन वर यायला तयार होते. सासूने हाताने नको म्हणून सांगितलं. ती भिंत धरत धरत दाराबाहेर आली, पहिल्या पायरीपाशी उभी राहिली, त्या उघड्या बाजूकडे तिने एकदा बघितलं आणि खाली बसली. बसली ती बसूनच निघाली. एक पायरी, हात टेकायचे, अंग खाली सरकवायचं, पुन्हा पुढची पायरी. वहिनी तिच्या पुढे, तिच्याकडे तोंड करून उलटी उतरत, दोन्ही हातांनी तिचे गुडघे सांभाळत. आयुष्यभर मान ताठ ठेवून चाललेली बाई अख्ख्या गल्लीसमोर लहान पोरासारखी बसून खाली सरकत होती. वरच्या गल्लीतल्या बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या. कुणी पुढे झालं नाही, कारण जागाच नव्हती, आणि कुणी आतही गेलं नाही. शिवणवाली तान्हं बाळ खांद्यावर घेऊन उभी होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वळणापाशी सासूला दम लागला. तिथून धाकटीची खिडकी दिसते. खिडकीकडे बघून सासू म्हणाली, "आले गं, थांब जरा." एवढ्या लांबून ते तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

त्या खाली पोचल्या तेव्हा धाकटीची सून दारात येऊन उभी राहिली होती.  तिने बाजूला होऊन वाट दिली.

सासू बहिणीच्या उशाशी बसली. तिथे कपड्यांची चळत तशीच होती, एकही घडी न मोडलेली. तिने सगळ्यांत वरचा कपडा उचलला, उलगडला, पुन्हा घातली घडी. बाह्या आत, मधोमध दुमड, वरून तळहाताचा दाब. मग बहिणीच्या कपाळाला हात लावून म्हणाली, अजून अंग कोमट आहे हिचं. वहिनी दाराशी उभी राहून रडली. सासूच्या देखत ती आयुष्यात प्रथमच रडली, आणि कुणीही तिला गप्प राहा म्हटलं नाही.

कारंजं झालं. उद्घाटनाला रंगीत दिवे लागले, पाणी उडालं, टाळ्या झाल्या. पुढे मोटर बिघडली आणि त्यात डासांशिवाय कुणी उरलं नाही. नाव मोठं, लक्षण खोटं. पण वरच्या गल्लीत ह्यावर कुणी हसलं नाही.

वर्ष फिरलं, पुन्हा सभेचा निरोप आला. वहिनीने ह्या वेळी जायचंच नाही असं ठरवलं होतं. आता कशासाठी कठडा? ज्यांच्यासाठी हवा होता त्या तर गेल्या. आईंना आता खाली उतरून भेटायचं तरी कुणाला? वरातीमागून घोडं आणायचं आणि त्याला नटवत बसायचं! असं ती सासूला म्हणाली, आणि इस्त्री गरम झाली का ते बोट ओलं करून बघायला लागली.

सासू म्हणाली, "गेल्या पावसाळ्यात तू वळणावर पडलीस."

वहिनीचा हात थांबला. पडली होती खरी. गाठोडं वाचवायला गेली आणि कमरेवर आपटली. कुणाला कळू दिलं नव्हतं; मळलेले कपडे परत धुतले, वाळवले, इस्त्री करून पोचवले आणि वर हसून उशीर झाला म्हणून सांगितलं. तेव्हापासून उतरताना प्रत्येक पायरीला कमरेतून कळ जायची.

"मला पावलं ऐकू येतात," सासू म्हणाली. "आधी तू दोन पायांनी उतरायचीस, आता दीड पायाने उतरतेस. तिथे जा आणि माझं नाव सांगू नकोस. माझ्या बहिणीचं तर नकोच नको. तुझ्यासाठी माग. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, तिथे ऑफिस कुठून पाजणार?"

ह्या वेळी ऑफिसातल्या बाईंच्या कानावर मागची हकीकत गेलेली होती. बाई समंजस होत्या. त्यांनी सुचवलं की हात वर करायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठ्या टाकूया, कुणी काय लिहिलं ते कुणाला कळणार नाही. हॉलमध्ये कुजबुज झाली, बऱ्याच जणींना ते बरं वाटलं. वहिनीलाही क्षणभर वाटलं. मग ती उठली. कमरेत कळ आली म्हणून पुढच्या बाकाला धरूनच उठली.

"चिठ्ठी नको," ती म्हणाली. "लपून मागितलं तर मागितल्यासारखं होत नाही. मागच्या वर्षी मी दुसऱ्यांसाठी कठडा मागितला, आणि माझाच हात मी खाली ठेवला. एक बाई भेटीवाचून गेली. ह्या वर्षी मला कठडा पाहिजे. माझ्यासाठी पाहिजे. मी पडलेय त्या पायऱ्यांवर, आणि मला परत पडायचं नाहीये."

बाईंनी अजून हात वर करायला सांगितलंही नव्हतं. वहिनीने केला. भरलेल्या हॉलमध्ये तिचा एकटीचा हात वर. खाली घ्यावासा वाटला तिला, फार वाटला. तेवढ्यात शिवणवालीने बाळ शेजारणीच्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, मलाही पाहिजे. माझं पोर आता चालायला लागलंय. मग जिचं दार पायऱ्यांवर होतं ती. मग तिच्या मागची. वरच्या गल्लीतले हात एकेक करून वर जात होते, प्रत्येकीचे कान लाल झालेले. किराणावाल्याच्या बायकोनेही हात वर केला आणि नवऱ्याला काय सांगायचं ते बघू म्हणाली. बाईंना मोजायची गरज पडली नाही, तरी त्यांनी मोजले, नियम म्हणून.

कठडा साधाच झाला, लोखंडी पाइपचा, हिरवा रंग दिलेला. रंग वाळला त्या दिवशी सासू दाराबाहेर आली. तिने पाइपवर हात ठेवला, हलवून बघितला, आणि एकेक पायरी उतरायला लागली, स्वतःच्या पायांनी. वहिनी कपडे पोचवायला निघालेली, ती मागोमाग. वळणापाशी सासू थांबली. खाली धाकटीची खिडकी बंद होती. सासू तिकडे बघत राहिली. "चांगला झालाय," ती म्हणाली. "तिला आवडला असता."

मग मागे वळून तिने वहिनीकडे बघितलं. वहिनी सवयीप्रमाणे उजवा खांदा भिंतीला घासत, गाठोडं दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून उभी होती.

"तू का भिंतीला चिकटलीस?" सासू म्हणाली. "ये इकडे, धर की. मागून घेतलायस तू तो."

वहिनीने गाठोडं उजव्या काखेत घेतलं. भिंत सोडून ती उघड्या बाजूला आली, डावा हात कठड्यावर ठेवला, आणि सासूच्या मागून पुढची पायरी उतरली.